जनुकांची नावे आणि एक्सेलच्या तारखा

अन्ननलिकेच्या कर्करोगावरच्या संशोधनात एक जनुक बरीच वर्षे 'डेक१' या नावाने ओळखले जात होते. या कर्करोगाच्या पेशींमधून ते गळालेले आढळते, म्हणून 'अन्ननलिकेच्या कर्करोगात गहाळ' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव पडले. पुढे हे जनुक संशोधकांच्या याद्यांमधूनही गहाळ होऊ लागले. त्याच्या जागी यादीत दिसायचे, '१ डिसेंबर'.

ही गोष्ट उघडकीस आली ती २००४ साली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले बॅरी झीबर्ग, जॉन वाइनस्टाइन आणि त्यांचे सहकारी दोन नवे संगणकीय प्रोग्रॅम तपासत होते. हजारो जनुकांची यादी आत टाकायची आणि कोणते जनुक काय काम करते, ते बाहेर काढायचे, असे त्यांचे स्वरूप. पण काही नावे दरवेळी 'अनोळखी' म्हणून परत येत. संशय साहजिकच नव्या प्रोग्रॅमवर गेला. नवीन माणसावर आळ आधी येतो, तसेच हे. शोध घेतल्यावर कळले की प्रोग्रॅम निर्दोष होते. त्यांच्याकडे यादी पोहोचण्याआधीच नावे बदललेली होती, आणि बदलणारा होता सगळ्यांच्या रोजच्या वापरातला एक्सेल.

हे का झाले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पहिले लोकप्रिय स्प्रेडशीट व्हिसिकॅल्क, १९७९ सालचे. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आले आणि १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सेल. ही सारी साधने हिशेबनीस, व्यापारी आणि कचेऱ्या यांच्यासाठी घडवलेली. हिशेबात तारीख पदोपदी लागते. कारकुनाने घाईत 'सेप्ट २' लिहिले तर त्याला २ सप्टेंबर म्हणायचे आहे, हे यंत्राने ओळखावे, ही सोयच होती.

एक्सेल तारीख अक्षरांत साठवत नाही. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून तो दिवस मोजतो आणि तो आकडा ठेवतो. या मोजणीत एक जुनी चूकही आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, पण लोटसने ते लीप वर्ष धरले. लोटसच्या फाइली बिनतक्रार चालाव्यात म्हणून एक्सेलनेही ती चूक जशीच्या तशी ठेवली. म्हणून कधीच न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस एक्सेलच्या पंचांगात आजही आहे.

आता जनुकांकडे येऊ. पेशी विभागताना तिच्या मधोमध कडे तयार करणारी प्रथिने आहेत, त्यांना सेप्टिन म्हणतात. त्यांच्या जनुकांची नावे होती सेप्ट१, सेप्ट२ अशी. दुसऱ्या एका कुळाचे नाव लांबलचक होते, त्याच्या आद्याक्षरांवरून झाले मार्च१, मार्च२. जीवशास्त्रज्ञांनी ही नावे ठेवताना पंचांगाचा विचार केला नव्हता, आणि एक्सेल लिहिणाऱ्यांनी पेशींचा. २००४ साली एखाद्याने सेप्ट२ असे लिहून पुढचा चौकोन गाठला की तिथे दिसायचे '२-सेप', आणि आत साठायचा आकडा ३८२३२. चूक लक्षात आल्यावर तो चौकोन 'मजकूर' म्हणून बदलला तरी सेप्ट२ परत येत नाही, ३८२३२ येतो. मूळ अक्षरे फाइलीतून गेलेली असतात.

तारखांपेक्षा विचित्र हाल दुसऱ्या एका गटाचे झाले. जपानच्या रिकेन संस्थेने आपल्या जनुकीय नमुन्यांना '२३१०००९ई१३' अशा धाटणीचे क्रमांक दिले होते. आकड्यांच्या मध्ये 'ई' आले की एक्सेल त्याचा अर्थ 'दहाचा घात' असा लावतो. मग चौकोनात उरायचे २.३१ई+१९, म्हणजे एकोणीस शून्यांच्या घरातली एक अगडबंब संख्या. झीबर्ग यांच्या गटाने हिशेब मांडला तेव्हा तारखांचा फटका बसणारी किमान ३० नावे निघाली, आणि रिकेनचे क्रमांक धरले तर घातांकाचा फटका बसणारी किमान २,००० ओळखचिन्हे. बिघडलेली नावे सार्वजनिक माहितीसाठ्यांतही शिरली होती.

त्यांनी हे सगळे छापले, उपायही सांगितले. यावर पडदा पडायला हवा होता. पडला नाही. २०१६ साली मेलबर्नमधल्या मार्क झीमान, योतम एरेन आणि असाम एल-ओस्ता यांनी २००५ ते २०१५ या काळातली अठरा नियतकालिके तपासली. शोधनिबंधांना जोडलेल्या ३५,१७५ एक्सेल फाइली त्यांनी प्रोग्रॅम लावून चाळल्या. जनुकांच्या याद्या असलेले ३,५९७ निबंध निघाले. त्यांपैकी ७०४ निबंधांत नावे बिघडलेली होती, म्हणजे पाचातला एक. पुढे २०२१ मध्ये ११,०००हून अधिक निबंधांवर अशीच तपासणी झाली, तेव्हा हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास निघाले.

दोष कोणाचा, यावर वाद झाला. संशोधकांनी साधन नीट वापरावे, असे काहींचे म्हणणे. न विचारता मजकूर बदलणारे साधनच चुकीचे, असे दुसऱ्यांचे. दोन्हींत तथ्य आहे. तरी एक फरक ध्यानात घ्यावा. प्रोग्रॅम बंद पडला असता, लाल अक्षरांत इशारा आला असता, तर कोणीही थांबून पाहिले असते. इथे काहीच बंद पडत नव्हते. वीस हजार ओळींच्या यादीत पंचवीस तारखा कोणाच्या नजरेस पडणार? आणि संशोधनाला जोडलेली यादी तिथेच थांबत नाही. दुसरी प्रयोगशाळा ती उचलते, तिच्यावर आपला अभ्यास उभा करते.

शेवटी तोडगा निघाला तो असा. मानवी जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या ह्यूगो नामकरण समितीने ऑगस्ट २०२० मध्ये नवे नियम जाहीर केले. सेप्ट१ आता सेप्टिन१, मार्च१ आता मार्चएफ१, डेक१ आता डेलेक१. साधारण वर्षभरात २७ मानवी जनुकांची नावे बदलली. निसर्गातल्या गोष्टींची नावे एका कचेरीतल्या प्रोग्रॅमच्या सवयीपायी बदलावी लागली!

आपल्याकडे हा मामला नवा वाटू नये. 'शेख' हे आडनाव रेशनकार्डावर इंग्रजीत एका तऱ्हेने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने आणि आधारवर तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असणे, हे घरोघरी माहीत आहे. यंत्र जुळणी नाकारते, आणि प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात नाव छापून आणायला जावे लागते त्या माणसालाच.

त्याच २०२० साली इंग्लंडमध्ये अशाच मूक चुकीची किंमत थेट साथीच्या काळात मोजावी लागली. कोविडच्या तपासण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या स्वरूपातल्या फाइलींत भरले जात होते. त्या स्वरूपात ६५,५३६ ओळींपुढे जागा नसते. जागा संपली, पुढचे रुग्ण कापले गेले, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण राष्ट्रीय आकडेवारीत आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या माणसांना सावध करण्याचे कामही रखडले.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ही आपोआप होणारी रूपांतरे बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये दिली. पहिल्या इशाऱ्याला तोवर एकोणीस वर्षे झाली होती. सोय आली, नावे बदलली, तरी जुन्या हजारो निबंधांना जोडलेल्या याद्यांत '२-सेप' आणि '१-डेक' अजून तसेच बसलेले आहेत. त्या याद्या घेऊन नवे विद्यार्थी कामाला बसतात. त्यांनी माहिती आत घेण्याआधी तो रकाना 'मजकूर' म्हणून ठरवून द्यावा, आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या ओळी मोजाव्यात, आणि 'अनोळखी' म्हणून परत आलेली नावे टाकून न देता एकेक करून पाहावीत. झीबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हेच केले होते. परत आलेल्या नावांकडे त्यांनी काणाडोळा केला असता, तर गहाळ झालेल्या डेक१चा पत्ता आणखी किती काळ लागला नसता, कोण जाणे.