प्रा. देवधर आणि निवृत्तीचा मुहूर्त

इ. स. २०१३ च्या नोव्हेंबर महिन्यात विरार-चर्चगेट मार्गावरील गाड्यांतून एकाच आठवड्यात दोन वार्ता चवीने चघळल्या गेल्या. १६ तारखेस वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर याने क्रिकेटचा निरोप घेतला आणि हजारो प्रेक्षकांनी उघडपणे डोळे पुसले. त्यानंतर चारच दिवसांत, हॅरिस शील्डच्या सामन्यात, विरारमध्ये वाढलेल्या पृथ्वी शॉ या चौदा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे ५४६ धावा लागल्या. वसई-विरारच्या क्रिकेटवेड्या मंडळींना एका हाताने सुतक व दुसऱ्या हाताने बारसे करावे लागले! जुन्याचे जाणे आणि नव्याचे येणे यांची सांधेजोड इतक्या नेमकेपणाने क्वचितच होते. एरवी जुन्याच्या जाण्याची वेळ ही भांडणाचीच वेळ असते. त्यातही तो जुना मनुष्य नुसता खेळाडू नसून तरुणांना हाताशी धरून घडविणारा खेळगुरू असला, तर त्याच्या निवृत्तीची नुसती कुणकुणही त्याच्या चाहत्यांत दोन तट पाडण्यास पुरेशी होते. त्याने थांबावे केव्हा, आणि हे ठरवावे कोणी? निवड करणाऱ्यांनी, प्रेक्षकांनी, की ज्याचे त्याने? या प्रश्नाचा महाराष्ट्रापुरता सर्वांत बोधक इतिहास पुण्याच्या एका संस्कृतच्या प्राध्यापकाभोवती घडलेला आहे.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यास झाला. सर परशुरामभाऊ कॉलेजात ते संस्कृत शिकवीत. ज्या काळी विद्वत्ता आणि मैदान यांचे हाडवैर मानले जाई, त्या काळी शब्दरूपे आणि फलंदाजी या दोहोंवर सारखेच प्रभुत्व असलेला हा गृहस्थ लोकांच्या कौतुकाचा विषय न होता तरच नवल. १९११ साली त्यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पाऊल टाकले. त्यांची कीर्ती मात्र खऱ्या अर्थाने देशभर झाली ती १९२६ च्या डिसेंबरात. त्या वर्षी गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ हिंदुस्थानात आला होता. मुंबईस जिमखान्याच्या मैदानावर त्याच्याविरुद्ध अखिल हिंदुस्थानच्या संघातून खेळताना देवधरांनी १४८ धावा काढल्या. त्याच महिन्यात कर्नल सी. के. नायडू यांनी हिंदू संघाकडून केलेल्या १५३ धावांची आठवण लोक अधिक काढतात, कारण षट्कार डोळ्यांत भरतात. परंतु येथील खेळाडू इंग्रजांच्या बरोबरीने उभे राहू शकतात, अशी गिलिगन यांची खात्री पटण्यात देवधरांच्या त्या संयमी खेळीचाही वाटा होता. पुढे १९२८ साली क्रिकेटचे नियामक मंडळ स्थापन झाले आणि कसोटी सामन्याचे दार किलकिले झाले.

ते दार १९३२ साली उघडले, तेव्हा देवधर दाराबाहेर होते. कारण सांगण्यात आले ते वयाचे. त्यांना चाळीस वर्षे पूर्ण झाली होती.

या कारणाची थोडी झडती घेणे अवश्य आहे. ज्या इंग्लंडशी सामना द्यावयाचा होता, त्या इंग्लंडच्या जॅक हॉब्सने १९२९ साली मेलबर्न येथे कसोटी शतक काढले, तेव्हा त्याचे वय ४६ वर्षांचे होते. विल्फ्रेड ऱ्होड्स १९३० साली वेस्ट इंडीजमध्ये आपला अखेरचा कसोटी सामना खेळला तो ५२ व्या वर्षी. ज्यांनी हा खेळ जगाला शिकविला त्यांना चाळिशी अडली नाही. ती अडली शिकणाऱ्यांना. आणि दुसरी गोष्ट याहून झोंबणारी. त्याच १९३२ च्या दौऱ्याचे नायकपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत मिळून त्यांनी अवघ्या दोन धावा काढल्या. महाराजांनी लॉर्ड्सच्या कसोटीत स्वतः बाजूस होऊन नायडूंकडे नेतृत्व दिले, हा त्यांचा मोठेपणा नमूद केलाच पाहिजे. परंतु प्राध्यापकाच्या जन्मतारखेची चिकित्सा करणाऱ्यांनी राजेसाहेबांच्या धावांची चिकित्सा केली नव्हती, हेही तितकेच खरे. १९३६ च्या दौऱ्यात नायकपद विजयानगरम्‌च्या महाराजकुमारांकडे गेले आणि तीन कसोट्यांत मिळून त्यांना ३३ धावा जमल्या. देवधर त्याही वेळी पुण्यातच होते.

अशा प्रसंगी लोकमताचे वर्तन मोठे चमत्कारिक असते. वयस्कर खेळाडू लवकर बाद झाला की ‘आता म्हाताऱ्याने घरी बसावे’ असे म्हणणारे जे तोंड, तेच पुढच्या आठवड्यात त्याने शतक झळकावले की ‘याला डावलले कोणी?’ असे विचारते. चाहत्याचे प्रेम हे पुष्कळदा स्वतःच्या तारुण्यावरचे प्रेम असते. आपण शाळेत असताना जो फटका पाहिला, तो मारणारा मैदानावर आहे तोवर आपलेही केस काळेच आहेत असे त्याला वाटते. म्हणून निवृत्तीची वार्ता त्याला बोचते. विजय मर्चंट यांच्या नावावर एक वचन सांगितले जाते: लोक ‘का जातोस’ असे विचारीत असतानाच जावे, ‘का जात नाहीस’ असे विचारण्याची वेळ येऊ देऊ नये. वचन चतुर आहे. तथापि त्यात निर्णयाचा अधिकार अखेर प्रेक्षकांच्याच पदरात टाकलेला आहे, आणि देवधरांच्या बाबतीत तर हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारले जाण्याजोगी स्थिती होती.

त्यांनी उत्तर दिले ते मैदानावर. १९३४ साली रणजी करंडकाचे सामने सुरू झाले आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र संघ उभा राहिला. या संघाचे देवधर नायक तर होतेच, पण त्याहून अधिक ते त्याचे गुरुजी होते. येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. म्हातारा माणूस जागा अडवून बसला म्हणजे एका होतकरू मुलाची जागा जाते. आक्षेप सामान्यतः खोटा नाही. कित्येक संघ असेच कुजले आहेत. पण देवधरांच्या संघात काय दिसते? १९३९-४० च्या हंगामात बडोद्याविरुद्ध विजय हजारे या तरुणाने नाबाद ३१६ धावा काढल्या, त्या देवधरांच्याच संघाकडून. रंगा सोहोनी याच संघातून पुढे येऊन १९४६ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. हजारे तर पुढे हिंदुस्थानचा कर्णधार झाला आणि १९५२ साली मद्रासेस देशाला पहिला कसोटी विजय त्याच्या नेतृत्वाखाली लाभला. जुन्या वडाखाली काही उगवत नाही म्हणतात. या वडाखाली तर उगवले.

१९३९-४० साली पुण्याच्या अंतिम सामन्यात संयुक्त प्रांतांस दहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने करंडक जिंकला. पुढच्याच हंगामात मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राने ६७५ धावांचा डोंगर रचला, त्यात २४६ धावा एकट्या देवधरांच्या. वय ४८! मुंबईनेही हार न मानता ६५० पर्यंत मजल मारली. त्या काळचे सामने ही सहनशीलतेचीच परीक्षा असे. अंतिम सामन्यात मद्रासला तिच्याच घरी सहा गडी राखून नमवून करंडक पुन्हा पुण्यास आला. त्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला तो आला नाही, एवढे सांगितले म्हणजे त्या दोन वर्षांची किंमत कळते. १९४४ साली नवानगरविरुद्ध देवधरांनी एकाच सामन्यात १०५ व १४१ अशी दोन शतके काढली. त्या वेळी ते बावन्न वर्षांचे होते.

ज्या १९३२ साली पुण्याच्या प्राध्यापकाला वयाचे कारण सांगण्यात आले, त्याच साली सातासमुद्रापलीकडे दुसऱ्या एका कॉलेजगुरूला तेच कारण सांगण्यात आले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. ॲमॉस अलोंझो स्टॅग हे शिकागो विद्यापीठात १८९२ पासून, म्हणजे देवधरांच्या जन्मवर्षापासून, फुटबॉल शिकवीत होते. (हा फुटबॉल आपल्या मैदानांवरचा नव्हे, तेथे चेंडू हातात धरून धावतात आणि एकमेकांस लोळवितात.) एक्केचाळीस हंगाम त्यांनी त्या एका विद्यापीठात काढले. तेथील लोक त्यांना प्रेमाने ‘थोर म्हातारबाबा’ म्हणत. इंग्रजी वृत्तपत्रांनी देवधरांनाही पुढे तीच पदवी दिली. अखेरच्या काही वर्षांत स्टॅग यांच्या संघाची पडती कळा लागली होती, हे खरे. सत्तरी पूर्ण होताच नियमावर बोट ठेवून त्यांना निवृत्त करण्यात आले. विद्यापीठाचे अध्यक्ष हचिन्स त्या वेळी तेहतीस वर्षांचे होते. सन्मानाचे दुसरे पद देऊ केले गेले. पण ज्याला शिकवावयाचे आहे त्याला मानाच्या खुर्चीचे काय? म्हातारबाबांनी कॅलिफोर्नियातील पॅसिफिक कॉलेज गाठले, तेथे आणखी चौदा हंगाम काढले, आणि १९४३ साली, ८१ व्या वर्षी, देशातील त्या वर्षाचा सर्वोत्तम क्रीडाशिक्षक म्हणून त्यांचीच निवड झाली.

शिकागोचे पुढे काय झाले? १९३९ साली विद्यापीठाने फुटबॉलचा मोठा संघच मोडून टाकला. स्टॅग यांच्या नावाचे मैदान ओस पडले, आणि त्याच्या प्रेक्षागृहाखालच्या जागेत २ डिसेंबर १९४२ रोजी शास्त्रज्ञांनी परमाणूची पहिली नियंत्रित शृंखलाक्रिया घडविली. जेथे गर्दी गर्जत असे तेथे अणुयुगाचा आरंभ अगदी मुकाट्याने झाला. नियमाने म्हातारा गेला, पण त्याच्या जागी तरुणांचा उत्कर्ष झाला असे मात्र घडले नाही.

स्टॅग यांनी आपणहून काम थांबविले ते १९६० साली. अठ्ठ्याण्णव हे थांबण्यास बरे वय दिसते, अशा आशयाचे त्यांनी मिस्कीलपणे कळविले. १०२ वर्षांचे होऊन ते १९६५ साली वारले.

देवधरांनीही चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतःच्या मनाने बॅट खाली ठेवली. त्यानंतर ते राष्ट्रीय निवड समितीवर बसले, ज्या समितीच्या पूर्वसूरींनी त्यांची जन्मतारीख तपासली होती तिच्यावरच. त्यांच्या तारा, सुमन व सुंदर या कन्यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली, तेव्हा खेळाचे बाळकडू कोठून आले हे कोणास विचारावे लागले नाही. १९७३ साली त्यांच्या नावाने मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू झाली, आणि स्वतःच्या नावाचा करंडक दुसऱ्यांनी उचललेला पाहण्याचे भाग्य त्यांना दोन दशके लाभले. १९९१ साली पद्मभूषण मिळाले, तेव्हा ते नव्याण्णव वर्षांचे होते.

२४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षात, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. १९३२ साली लॉर्ड्सवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना खेळण्यास जे अकरा तरुण उतरले होते, त्यांत हिंदुस्थानच्या वतीने पहिला चेंडू खेळणारे जनार्दन नवले १९७९ मध्येच गेले होते, आणि अखेरचे उरलेले जहांगीर खान १९८८ मध्ये. वयामुळे ज्याला घरी ठेवले, तो त्या साऱ्यांच्या मागे राहिला होता.