जुन्या बाजारातील ध्वनिमुद्रिका : एक दुर्लक्षित इतिहाससाधन

पुणे शहरात मंगळवार पेठेच्या परिसरात वर्षानुवर्षे भरत आलेल्या जुन्या बाजारात कुलपे, घड्याळे व पितळी भांडी यांच्या शेजारी ग्रामोफोनच्या तबकड्यांचे ढीगही मांडलेले आढळतात. संग्राहक त्यांतील एखादी दुर्मिळ तबकडी निवडतो आणि उरलेला ढीग सोडून जातो. इतिहासाच्या अभ्यासकास या उरलेल्या ढिगाचेच अगत्य अधिक असावयास हवे. कंपन्यांच्या सूचींवरून बाजारात काय विक्रीस होते एवढेच कळते. घरोघरी काय घेतले गेले, याचा काहीसा अंदाज पुनःपुन्हा हाती येणाऱ्या सामान्य तबकड्यांवरून बांधता येतो.

अशा ढिगात दोन जाती सरमिसळ झालेल्या असतात. मिनिटास ७८ फेरे घेणारी तबकडी लाख, दगडाची भुकटी व काजळी यांच्या मिश्रणाची. ती जड असते व पडल्यास फुटते. ३३⅓ व ४५ फेऱ्यांच्या तबकड्या व्हिनाइल या लवचिक द्रव्याच्या असतात. अमेरिकेत त्या अनुक्रमे १९४८ व १९४९ साली निघाल्या. भारतात मात्र ७८ फेऱ्यांची तबकडी १९७० च्या सुमारापर्यंत टिकून राहिली. चावीच्या यंत्रास वीज लागत नसे, हे त्याचे एक उघड कारण होय.

भारतातील ध्वनिमुद्रणास नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग याने आरंभ केला. नाट्यगायक भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच निवर्तले होते. अवघ्या वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने मराठी रंगभूमीचा एक थोर आवाज या साधनाच्या कक्षेबाहेर राहिला. मुद्रण येथे होई, पण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे दाबल्या जात. तेथील कामगारांस भाषा अपरिचित, म्हणून गायक वा गायिका शेवटी आपले नाव स्वतः उच्चारीत असे. आज ती मौजेची वाटणारी घोषणा वस्तुतः कारखान्याची सोय होती. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदा भागात कारखाना निघाल्यावर तिची गरज ओसरली.

पुण्यातील लाखेच्या तबकड्यांचा विचार नाट्यसंगीताशिवाय होऊ शकत नाही. ‘मानापमान’ (१९११), ‘स्वयंवर’ (१९१६) व ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकांतील बालगंधर्वांची पदे तबकड्यांवर आली. परंतु दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचेच गायन मावे. रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत कितीतरी लांबणारे पद तीत आवळून बसवावे लागे; आलापी व पुनरावृत्ती यांस प्रथम कात्री लागे. यास्तव ध्वनिमुद्रिका हा नाटकाच्या प्रयोगाचा पुरावा मानणे धोक्याचे आहे. तिच्यातून समजते ते गायकाने तीन मिनिटांत काय राखणे महत्त्वाचे मानले ते, आणि हेही ज्ञान काही थोडे नव्हे. ज्यांनी प्रयोग पाहिला नाही अशा पुढच्या पिढीने बहुधा या संक्षेपासच मूळ पद मानले असावे.

विक्षिप्त तबकड्यांची कथा निराळी. परभाषा शिकविणारे लिंग्वाफोनचे संच, मुंबईच्या ‘यंग इंडिया’ या स्वदेशी छापाच्या तबकड्या, ‘शोले’ (१९७५) चित्रपटाचे केवळ संवाद असलेली दीर्घवादन तबकडी यांपैकी प्रत्येकीमागे विक्रेत्याचा काहीएक होरा आहे. गाण्यांऐवजी संवादच घरी बसून ऐकणारा ग्राहक असेल, हा होरा अचूक ठरला. इंग्लंडमध्ये ७८ फेऱ्यांचे उत्पादन १९६० च्या सुमारास संपुष्टात आले असताना ‘बीटल्स’ची गीते भारतात त्याच लाखेवर निघाली. नवे संगीत व जुने यंत्र यांची ही गाठ परदेशी संग्राहकांस अपूर्वाईची वाटते. येथील घरात चावीचा ग्रामोफोन होता, एवढाच तिचा अर्थ.

हानी होते ती मात्र तबकडीच्या मोलाची नव्हे, तिच्या संदर्भाची. एका घरातील संच बाजारात येताच फुटतो. कागदी पाकिटावरील दुकानदाराचा शिक्का, लेबलवर शाईने घातलेले मालकाचे नाव, एखाद्या समारंभात भेट दिल्याची तारीख, यांवरून तबकडी कोणत्या पेठेत, कोणाकडे व केव्हा होती हे कळू शकते. पण फाटके पाकीट प्रथम टाकले जाते. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या संस्थेने सूचींचे व टिपणांचे मोलाचे कार्य केले. तथापि तबकड्यांची सूची म्हणजे ढिगाची नोंद नव्हे. निवड करण्यापूर्वीच ढिगातील सर्व तबकड्यांची, भंगलेल्या व दुबार आलेल्यांसह, मोजणी झाली पाहिजे. ती करतानाही फुटकी लाख आधी भंगारात गेलेली असते व लवचिक व्हिनाइल अधिक टिकते, हे ध्यानात ठेवावे लागेल. अन्यथा उत्तरकाळ वाजवीपेक्षा मोठा दिसेल.

लेबल गळून गेलेली तबकडीही निरुपयोगी समजू नये. ओल लागली की कागद सुटतो, पण लेबलालगतच्या कोऱ्या पट्टीवर उमटलेला साच्याचा क्रमांक सहसा शाबूत राहतो. तबकडी तिरपी धरून उजेडात तो वाचता येतो. मायकेल किनिअर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळातील तबकडी असेल तर क्रमांकावरून गायकाचे नाव शोधण्याचा मार्ग तेथून खुला होतो.