नाव कुणाचं?

डिसेंबर १९६९. किंग क्रिमझन हा इंग्लिश रॉक बँड अमेरिकेच्या पहिल्याच दौऱ्यावर होता. पहिला आल्बम बाजारात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. जुलैमध्ये लंडनच्या हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवून त्यांनी प्रचंड गर्दीसमोर नाव कमावलं होतं. अशा ऐन भरात इयन मॅकडोनल्ड आणि मायकेल जाइल्स या दोघांनी सांगितलं, की आम्ही चाललो. त्यावर तेवीस वर्षांचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप म्हणाला, तुम्ही राहा, हवं तर मी जातो. ते काही झालं नाही. ते दोघे गेले, फ्रिप राहिला.

पुढची पन्नास वर्षं किंग क्रिमझन म्हणजे फ्रिप असंच समीकरण होऊन बसलं. हुकूमशहा, विक्षिप्त मास्तर, माणसं आणणारा आणि काढणारा मालक अशी त्याची ख्याती झाली. ती सगळी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण या माणसाचा इतिहास वाचताना मला ती पहिली तयारीच पुन्हा पुन्हा आठवते, कारण ती एकदाच झालेली नाही.

१९७० ते १९७२ हा काळ मी भरभर ओलांडते. माणसं येत होती, जात होती, आल्बम निघत होते. खरी गोष्ट १९७४ ची. तेव्हा बँडमध्ये फ्रिप, जॉन वेटन आणि बिल ब्रूफर्ड असे तिघंच उरले होते. ‘रेड’ हा आल्बम ध्वनिमुद्रित झाला होता. त्यात मॅकडोनल्ड पाहुणा म्हणून वाजवून गेला होता आणि आता तो कायमचा परतणार अशी चिन्हं होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, तुटलेलं घर पुन्हा सांधलं जातंय. नेमकं तेव्हाच फ्रिपने व्यवस्थापकांपुढे सूचना ठेवली: मला वगळून किंग क्रिमझन चालू ठेवा. त्यांना ते पटलं नाही. मग सप्टेंबरमध्ये त्याने बँड संपल्याचं जाहीर केलं, ‘रेड’ दुकानात पोचण्याआधीच. आज हा आल्बम त्यांच्या सर्वोत्तम कामात गणला जातो. वेटन आणि ब्रूफर्डच्या वाट्याला त्या वेळी काय आलं असेल, याचा विचार फ्रिपच्या भक्तांनी थोडा जास्त करायला हवा.

फ्रिप ग्लॉस्टरशरमधल्या शेरबोर्न हाउसमध्ये जाऊन राहिला. जे. जी. बेनेट यांनी गुर्जिएफच्या शिकवणीवर उभी केलेली ती निवासी शाळा. बेनेट तोवर वारले होते, पण दहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालू होता. तिथे ध्यान होतं, अंगमेहनत होती. पुढे गिटार शिकवताना, १९८५ पासूनच्या ‘गिटार क्राफ्ट’च्या शिबिरांत, त्याने बसण्यावर, हात सैल ठेवण्यावर आणि लक्ष देण्यावर जो भर दिला, त्याचं मूळ इथलं आहे. गिटारच्या तारा लावण्याची रूढ पद्धतही त्याने तिथे बाजूला ठेवली. म्हणजे वर्षानुवर्षं वाजवणाऱ्यालाही बोटं कुठे ठेवायची हे नव्याने शिकावं लागे.

बँड नसलेल्या त्या वर्षांत त्याच्या गिटारचा आवाज मात्र थांबला नाही. ब्रायन इनोबरोबर त्याने १९७२ मध्येच एक प्रयोग करून ठेवला होता. दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवायचे आणि एकच टेप दोन्हींमधून फिरवायची. एकावर नोंदलेला सूर काही सेकंदांनी दुसऱ्यावर ऐकू येतो, पुन्हा पहिल्याकडे जातो आणि हळूहळू विरतो. तोवर वादकाने वर नवे सूर चढवलेले असतात. एकटा माणूस स्वतःच्याच मागे राहिलेल्या आवाजाला साथ करतो. १९७७ मध्ये डेव्हिड बोवीने त्याला बर्लिनला बोलावलं. ‘हीरोज’ या गाण्यातला तो लांबच लांब ताणलेला गिटारचा सूर फ्रिपचा आहे. स्पीकरपासून किती अंतरावर उभं राहिलं की कोणता स्वर घुमत टिकतो, हे त्याने पावलांनी मोजून काढलं होतं. क्रिमझनचं नावही न ऐकलेल्या कोट्यवधी लोकांनी त्याला ऐकलं आहे ते इथेच.

१९८१ मध्ये त्याने नवा बँड काढला: ब्रूफर्ड, टोनी लेव्हिन आणि अमेरिकन गिटारवादक-गायक एड्रियन बेल्यू. नाव होतं ‘डिसिप्लिन’. मग वाजवता वाजवता त्याला वाटलं, हे किंग क्रिमझनच आहे. जुन्या गाण्यांची छाया नाही, गायक नवा, पहिल्यांदाच दोन गिटार. तरी नाव तेच! अनुवादक म्हणून मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. मूळ कृतीतला एकही शब्द शिल्लक नसताना अनुवादाला मूळ लेखकाचं नाव देतो, तेव्हा आपण नक्की कशाची हमी देत असतो? या चौघांच्या संगीतात दोन गिटार गुंतलेल्या आकृती वाजवतात, त्यातली एक आवर्तनात एका स्वराने कमी पडते, दोघे हळूहळू फाकत जातात आणि बऱ्याच वेळाने समेवर भेटतात. त्यामागे इंडोनेशियाच्या गॅमेलानचा कान आहे. माझ्या मते क्रिमझनचं सर्वांत ताजं काम हेच. तीन आल्बम निघाले, आणि १९८४ मध्ये पुन्हा कुलूप.

नंतर १९९४, मग २०००, मग २००८ चा छोटा दौरा. मधल्या खंडांत छोट्या छोट्या तुकड्यांचे प्रयोग. २००२ मध्ये गंमत झाली. मॅकडोनल्ड, जाइल्स आणि सॅक्सोफोनवादक मेल कॉलिन्स या जुन्या मंडळींनी वेगळा बँड करून सुरुवातीची गाणी वाजवायला घेतली. गायला होता जाइल्सचा जावई, जॅको जॅक्झिक. २०१३ मध्ये फ्रिपने निवृत्ती मोडून शेवटचा क्रिमझन उभा केला, तेव्हा त्यात हा जावई गायक होता आणि कॉलिन्सही होता. बेल्यूला मात्र सांगण्यात आलं, की या खेपेला तू नाहीस. तीन दशकांहून अधिक सहवासानंतर. त्याने हे उघडपणे सांगितलं, आणि मला ते आजही खुपतं.

त्या शेवटच्या संचात तीन ड्रमर रंगमंचाच्या पुढे बसत आणि फ्रिप मागे, एका टोकाला, स्टुलावर. कार्यक्रमात फोटो काढायला सक्त मनाई. शेवटी लेव्हिनने स्वतःचा कॅमेरा उचलला, की प्रेक्षकांनाही परवानगी. १९६९ ची गाणी, जी फ्रिपने अनेक वर्षं टाळली होती, ती इथे नव्या मांडणीत परतली. ८ डिसेंबर २०२१ ला टोकियोत ‘रेड’मधलं ‘स्टारलेस’ वाजवून हा बँड थांबला. दोन महिन्यांनी मॅकडोनल्ड वारला. त्यानंतर प्रदर्शित झालेल्या माहितीपटात तो कॅमेऱ्यासमोर रडत फ्रिपची माफी मागताना दिसतो, १९६९ मध्ये सोडून गेल्याबद्दल.

सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात बेल्यू आणि लेव्हिन यांनी ‘बीट’ नावाने ऐंशीच्या दशकातलं ते संगीत पुन्हा वाजवलं. फ्रिपची संमती होती. त्याच्या जागी गिटारवर स्टीव्ह वाय होता, आणि त्या दोन गिटार तशाच फाकत, उशिरा भेटत होत्या.