थेम्सच्या खाडीतली माशाची साक्ष

शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांनी लंडनच्या थेम्स नदीच्या खाडीचा इतिहास जरूर वाचावा. 1957 साली शहराजवळची खाडी मेल्यातच जमा होती. मैलापाणी कुजताना पाण्यातला ऑक्सिजनच संपायचा, मग मासा जगणार कसा? पुढे मैलाशुद्धीकरण सुधारलं. पण मासे परतल्याचं कळलं कुठे, तर वीज केंद्रांच्या जाळ्यांवर! यंत्रं थंड ठेवायला खाडीचं पाणी ओढायचे, त्यात मासे अडकायचे. अभ्यासकांनी तेच मोजले. 1974 मध्ये वेस्ट थरॉकच्या केंद्रात चक्क सामन मासा सापडला. मला तर आकड्यापेक्षा ही साक्ष जास्त पटते. अर्थात आकडाही लागतोच. जोराच्या पावसात गटारं ओसंडून मैला पुन्हा खाडीत यायचा. तेव्हा ऑक्सिजन मोजायचे आणि घसरला असेल तिथे बोट नेऊन पाण्यात ऑक्सिजन सोडायचे.