मटका (जुगार)

मटका हा आकड्यांवर पैसे लावण्याचा जुगार असून त्याचा उगम मुंबईत झाला. महाराष्ट्रात तो बेकायदेशीर आहे. संभाव्यतेच्या दृष्टीने त्यातील ‘जोडी’ ही १ टक्का शक्यतेची सोडत होय.

इतिहास

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत ‘आकडा’ लावला जाई. १९६१ मध्ये हे भाव येणे थांबल्यावर चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढण्याची पद्धत आली. नाव त्यावरूनच पडले. पुढे मडके जाऊन पत्ते आले, नाव मात्र टिकले. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळी मटका, तर रतन खत्री यांनी १९६४ मध्ये न्यू वरळी मटका सुरू केला. ‘कल्याण मटका’ हे नाव कल्याणजींवरून आले आहे. कल्याण शहराशी त्याचा संबंध नाही. गिरणगावातील कामगार हा या खेळाचा मोठा ग्राहक होता.

पद्धत

० ते ९ पैकी तीन अंक काढून त्यांची बेरीज करतात व बेरजेतील एकम स्थानचा अंक ‘ओपन’ ठरतो. उदा. ३, ५, ६ यांची बेरीज १४, म्हणून ओपन ४. याच रीतीने ‘क्लोज’ काढला जातो. दोन्ही मिळून जोडी (०० ते ९९) बनते. चढत्या क्रमाने मांडलेल्या तीन अंकांना पत्ती किंवा पाना म्हणतात.

संभाव्यता

एक अंक बरोबर येण्याची शक्यता १/१० असते, पण मोबदला सामान्यतः ९ पट मिळतो. जोडीची शक्यता १/१००, मोबदला सुमारे ९० पट. म्हणजे लावलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरी १० पैसे चालकाकडे राहतात. रोज १० रुपयांप्रमाणे ३०० दिवस खेळणाऱ्याचे ३,००० रुपयांपैकी सरासरी ३०० रुपये जातात. प्रत्यक्ष तोटा याहून बराच कमी-अधिक असू शकतो.

पत्त्या २२० असल्या तरी त्या समसंभाव्य नाहीत. प्रत्येक अंक स्वतंत्रपणे निघतो असे धरल्यास तिन्ही अंक वेगळे असलेली पत्ती (१२० प्रकार) हजारात ६ वेळा, दोन अंक सारखे असलेली (९० प्रकार) ३ वेळा आणि तिन्ही सारखे असलेली (१० प्रकार) एकदाच येते. ‘२२० पैकी एक’ हा हिशेब त्यामुळे चुकीचा ठरतो.

अनेक दिवस न आलेला आकडा आता येणारच, या समजुतीने जुन्या निकालांचे तक्ते अभ्यासले जातात. सोडत निष्पक्ष असेल, तर मागील निकालांचा पुढील निकालावर परिणाम होत नाही. एकच जोडी १०० वेळा लावूनही ती एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के असते. किमान एकदा येण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर जाण्यासाठी २९९ सोडती लागतात.

मोबाइलवरील गाचा खेळांतील दुर्मीळ पात्रांनाही हेच गणित लागू पडते. तेथे काही वेळा ठरावीक प्रयत्नांनंतर हमी असते; ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के असून ९०व्या प्रयत्नापर्यंत असे पात्र हमखास मिळते. मटक्यात अशी हमी नाही.

कायदा

मटका खेळणे व चालवणे हे महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ नुसार गुन्हा आहे. १९६९ मध्ये सुरू झालेली महाराष्ट्र राज्य लॉटरी मात्र शासनाची असल्याने कायदेशीर आहे.