सुट्टीतली कादंबरी कोण निवडतं?

मे महिना लागला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो : "सुट्टीत वाचायला एखादी नवी, गाजलेली कादंबरी सुचवा ना." जोडीला अटही असते, "फार जड नको." आज मी पुस्तकांची यादी देणार नाही. नवी, गाजलेली आणि हलकी या तीन शब्दांचा थोडा इतिहास सांगणार आहे. तो ऐकलात तर यादी तुमची तुम्हीच कराल, असं मला वाटतं.

आधी घरातली गोष्ट. आमच्या गावातल्या वाचनालयात एका कार्डावर एक पुस्तक मिळायचं. काउंटरमागचे गृहस्थ तसे सज्जन होते, पण कुणी काय वाचावं याची त्यांची मतं पक्की होती. माझ्या आईला रहस्यकथांची आवड. तिने बाबुराव अर्नाळकर मागितले की ते म्हणायचे, "वहिनी, हे तुमच्यासाठी नाही," आणि एखादी कौटुंबिक कादंबरी पुढे सरकवायचे. मी तेव्हा बारा वर्षांचा. मला तेच अर्नाळकर बिनदिक्कत मिळायचे! मग सुट्टीभर आई दुपारी माझ्या कार्डावरची पुस्तकं वाचायची. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. आता वाटतं, स्वतःच्या आवडीचं पुस्तक वाचायला तिला मुलाचं कार्ड लागत होतं.

हे काउंटरमागचे गृहस्थ काही आमच्याच गावात नव्हते. त्यांचे पूर्वज शोधायला आपण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जाऊ.

तिथे तेव्हा नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत निघायची आणि तिची किंमत असायची साडेएकतीस शिलिंग. ही किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. मग लोक वाचायचे कसे? वर्गणी भरून. लंडनमध्ये चार्ल्स एडवर्ड मुडी नावाच्या माणसाचं प्रचंड मोठं वाचनालय होतं. वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग भरले की एका वेळी एक खंड घरी नेता यायचा. आता तीन खंडांची सोय कुणाची होती बघा. एक कादंबरी एकाच वेळी तीन वाचकांकडे फिरवता यायची. म्हणजे कादंबरी किती लांब असावी हेसुद्धा वाचनालयाच्या धंद्यावर ठरत होतं. पुष्कळ लेखक तीन खंड भरण्यासाठी गोष्टीत पाणी घालायचे.

मुडी आपल्या वाचनालयाला 'सिलेक्ट लायब्ररी' म्हणायचे. सिलेक्ट म्हणजे निवडक. घरातल्या तरुण मुलीच्या हाती द्यायला संकोच वाटेल असं पुस्तक ते ठेवत नसत. मुडींनी मोठी मागणी नोंदवली की प्रकाशक निश्चिंत, आणि त्यांनी नाकारलं की पुस्तक बुडालंच म्हणायचं. तेव्हा 'गाजलेली' कादंबरी म्हणजे बऱ्याच अंशी मुडींनी भरपूर प्रती घेतलेली कादंबरी.

मग आली रेल्वे. १८४८ साली डब्ल्यू. एच. स्मिथ यांच्या कंपनीने लंडनच्या यूस्टन स्टेशनवर पुस्तकांचा स्टॉल टाकला आणि बघता बघता असे स्टॉल देशभर पसरले. दुसऱ्याच वर्षी रूटलेज या प्रकाशकाने 'रेल्वे लायब्ररी' ही स्वस्त पुस्तकमाला सुरू केली. पुढे अशा पुस्तकांवर पिवळी, भडक चित्रांची कव्हरं आली. एक-दोन शिलिंगला पुस्तक घ्यायचं, डब्यात बसायचं आणि समुद्रकिनारा येईपर्यंत वाचायचं. प्रवासात आणि सुट्टीत वाचायचं पुस्तक नावाचा प्रकार असा रुजला.

पण यात एक मेख होती. ही स्वस्त पुस्तकं मुख्यतः जुन्या कादंबऱ्यांची पुनर्मुद्रणं होती. नवी कादंबरी वर्गणीदारांची आणि स्टेशनवरच्या प्रवाशाला तीच काही वर्षांनी. आणि हा धाकटा स्मिथही निवड करणाराच निघाला. स्टॉलवर काय शोभतं आणि काय नाही याबाबत तो इतका काटेकोर होता, की लोकांनी चेष्टेने त्याचं नाव 'नॉर्थ वेस्टर्न मिशनरी' ठेवलं. नॉर्थ वेस्टर्न हे तिथल्या एका रेल्वेचं नाव.

या दोघांशी भांडला जॉर्ज मूर हा लेखक. त्याची 'अ मॉडर्न लव्हर' ही कादंबरी १८८३ साली आली आणि मुडींनी ती वाचकांपर्यंत नीट जाऊ दिली नाही. मूर गप्प बसला नाही. पुढची कादंबरी त्याने एकाच खंडात, सहा शिलिंगला काढली, म्हणजे वाचकाने ती सरळ विकतच घ्यावी. शिवाय १८८५ साली या वाचनालयांविरुद्ध एक जळजळीत पुस्तिकाही लिहिली. पुढे १८९४ साली मुडी आणि स्मिथ यांनी प्रकाशकांना नव्या अटी घातल्या, कारण तीन खंड त्यांनाच परवडेनासे झाले होते. दोन-तीन वर्षांत तीन खंडी कादंबरी जवळजवळ नाहीशी झाली. त्याच १८९४ साली मूरची 'एस्थर वॉटर्स' आली. लग्नाशिवाय आई झालेल्या एका मोलकरणीची ही गोष्ट. स्मिथच्या स्टॉल्सनी ती ठेवायला नकार दिला, तरी ती खपली. आज ती मूरची सगळ्यात महत्त्वाची कादंबरी मानतात.

आता आपल्याकडे येऊ. रेल्वेबरोबर स्टॉलही इकडे आले. १८७७ साली अलाहाबादला ए. एच. व्हीलर कंपनी सुरू झाली. तिचे स्टॉल आपल्यापैकी अनेकांनी मुंबईच्या स्टेशनांवर पाहिले असतील. या कंपनीने १८८८ साली 'इंडियन रेल्वे लायब्ररी' काढली, एक रुपयाला एक पुस्तक. लेखक होता अलाहाबादच्या एका वर्तमानपत्रात काम करणारा, मुंबईत जन्मलेला, बावीस वर्षांचा पोरगा : रुडयार्ड किपलिंग. या कादंबऱ्या नव्हत्या, कथासंग्रह होते. किपलिंगच्या साम्राज्यवादाशी माझं भांडण आहेच, ते वेगळं. पण १९०७ साली ज्याला नोबेल मिळालं, त्याचं नाव आधी पोहोचवलं ते या प्रवासात वाचून टाकायच्या एका रुपयाच्या पुस्तकांनी.

साधारण याच काळात पुण्यात काय चाललं होतं? १८९० साली हरी नारायण आपट्यांनी एक साप्ताहिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'करमणूक'. नाव ऐकून काय वाटतं? हलकंफुलकं, वेळ घालवायला बरं. आणि त्याच 'करमणुकी'त क्रमशः आली 'पण लक्षात कोण घेतो?' यमू नावाच्या मुलीने स्वतःच सांगितलेली तिची कहाणी : बालपण, लग्न, वैधव्य, केशवपन. ती वाचून आजही घशात आवंढा येतो. मराठीतली सगळ्यात जड म्हणावी अशी एक कादंबरी घराघरांत गेली ती करमणूक या नावाखाली.

म्हणून मला वाटतं, 'सुट्टीतलं वाचन' हे लेबल पुस्तकाची किंमत, आकार आणि विकणाऱ्याचा अंदाज सांगतं. आत काय आहे ते सांगत नाही. 'गाजलेली' म्हणजे कुणीतरी आधीच निवडून तुमच्यापुढे ठेवलेली. तेव्हा मुडी होते, स्मिथ होते, आमचे काउंटरवाले गृहस्थ होते. आज दुकानातलं दर्शनी टेबल असतं आणि 'हे वाचलंत, तर तेही आवडेल' म्हणणारं मोबाइल ॲप. गाजलेलं पुस्तक वाईट असतं असं मी म्हणत नाहीये. अर्नाळकर काय कमी गाजले होते? मुद्दा एवढाच, की ते आपल्यासमोर कुणी आणि का ठेवलंय, हे एकदा विचारावं.

तर या सुट्टीत एक करा. गाजतंय ते एक पुस्तक जरूर घ्या. आणि एक असं घ्या, जे तुम्हाला कुणीच सुचवलेलं नाही. कपाटापुढे उभं राहून, चार पानं चाळून, स्वतः निवडलेलं. घरात कुणी दुसऱ्याच्या कार्डावर वाचत असेल, तर त्यांना आधी त्यांचं कार्ड काढून द्या.

तुम्ही काय निवडलंत ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.