आयटीची नोकरी पुण्यातच का? आणि तालुक्यात राहून कोणतं काम मिळू शकतं? वाचा सविस्तर

बारावीचा निकाल लागला की आपल्या बुलडाणा जिल्ह्यात घरोघरी एकच चर्चा असते. पोराला इंजिनिअरिंगला टाकायचं की बीकॉमला? कॉम्प्युटर केलं की नोकरी पक्की, असं चारजण सांगतात. त्या भरवशावर कुणी सोयाबीनचा पैसा लावतं, कुणी शैक्षणिक कर्ज काढतं, कुणी एकरभर जमीन विकतं. पण पदवी जिथे मिळते तिथेच नोकरी मिळेल असं नसतं. शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून सुरू आहे. तिथून निघालेली बरीच पोरं आज पुण्यात कामाला आहेत. असं का होतं, ते पैसा लावण्याआधी समजून घेतलेलं बरं.

पुण्यात आयटी आली कशी?

केंद्र सरकारने १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया, म्हणजे एसटीपीआय ही संस्था सुरू केली. तेव्हा आजच्यासारखं इंटरनेट नव्हतं. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला काम पाठवायचं तर उपग्रहाची लाइन लागायची. ती एसटीपीआयच्या केंद्रातून मिळायची. सोबत निर्यातीच्या नफ्यावर आयकराची सूट होती, ती ३१ मार्च २०११ पर्यंत चालली. म्हणजे जिथे केंद्र, तिथे कंपन्या, असा सुरुवातीचा हिशोब होता.

पुण्याकडे आणखीही जमेच्या बाजू होत्या. १८५४ पासूनचं अभियांत्रिकी महाविद्यालय, १९८८ मध्ये सुरू झालेली सी-डॅक, पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि जवळच मुंबईचं आंतरराष्ट्रीय विमानतळ. एमआयडीसीने हिंजवडीत आयटी पार्क उभा केला, मग खराडी, तळवडे असा पसारा वाढला. हडपसरच्या मगरपट्ट्यात तर शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी चारशेवर एकर जमीन बिल्डरला विकली नाही. एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढली आणि तिथे घरं व आयटीची ऑफिसं उभी केली. हे उदाहरण शेतकऱ्याने लक्षात ठेवावं असं आहे.

एकदा दहा कंपन्या आल्या की अकरावीही तिथेच येते. खामगावच्या बाजार समितीचं उदाहरण घ्या. व्यापारी जास्त म्हणून माल तिकडे जातो आणि माल जातो म्हणून व्यापारी तिकडे बसतात. आयटीचंही तसंच आहे. कंपनीला महिन्याभरात पन्नास माणसं हवी असली तर ती पुण्यात सापडतात. पोरालाही एक नोकरी सुटली तर दुसरी त्याच शहरात मिळते.

बाकीच्या राज्यात काय आहे?

मुंबईत रिझर्व्ह बँक, सेबी आणि शेअर बाजार आहेत. त्यामुळे बँकिंगचं सॉफ्टवेअर, मोठ्या ऑडिट फर्म, कंपन्यांचे वकील आणि सल्लागार यांचं काम तिथे एकवटलं आहे. ऐरोलीसह नवी मुंबईच्या पट्ट्यातही आयटी मोठी आहे.

आपल्याला जवळचं म्हणजे नागपूर. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची केंद्रं आहेत. पर्सिस्टंट ही पुण्याची कंपनीही नागपुरात आहे. नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापुरात एसटीपीआयची केंद्रं आहेत, पण तिथल्या नोकऱ्यांचा आकडा पुण्याच्या जवळपासही जात नाही. आणि हे फक्त आपल्याच राज्यात आहे असं नाही. कर्नाटक सॉफ्टवेअर निर्यातीत देशात पुढे आहे, पण तिथलंही बहुतेक काम एकट्या बंगळुरूत आहे.

समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर, सिंदखेडराजा भागातून जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. प्रवास सोपा झाला, माल लवकर पोचतो. पण रस्ता झाला म्हणून आयटी कंपनी गावात येत नाही, तिला आधी माणसं दिसावी लागतात.

कोरोनात पोरं घरी बसून काम करत होती, तेव्हा आता गावातच राहता येईल असं अनेकांना वाटलं होतं. नंतर मोठ्या कंपन्यांनी त्यांना परत ऑफिसला बोलावलं. घरून काम मिळतंही, पण ते बहुतेक अनुभवी माणसाला. नवख्याला काम शिकायला ऑफिसातच बसावं लागतं.

वकील आणि सीएचं काम वेगळं कसं?

सॉफ्टवेअरचं गिऱ्हाईक साता समुद्रापार असतं. वकील, सीए, कर सल्लागार यांचं गिऱ्हाईक मात्र जवळ असू शकतं. म्हणून हे काम गिऱ्हाइकाच्या मागे मागे पसरतं.

ताजं उदाहरण कोल्हापूरचं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम आता तिथे चालतं. आधी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. कोर्ट आलं की वकील, त्यांचे ज्युनिअर, टायपिस्ट, झेरॉक्सवाला या सगळ्यांना काम लागतं.

आपल्याकडे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जिनिंगपासून कृषी केंद्रापर्यंत सगळ्यांना दर महिन्याला किंवा तिमाहीला रिटर्न भरणं आलं. गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्या. उलाढाल शून्य असली तरी त्यांना दरवर्षी ऑडिट करून कागदपत्रं कंपनी निबंधकाकडे भरावी लागतात, नाहीतर दंड लागतो. पतसंस्था, दूध संस्था यांचंही ऑडिट असतं. ही सगळी कामं तालुक्यातली आहेत. बीकॉम झालेला, टॅली आणि जीएसटी नीट येणारा पोरगा इथे उपाशी राहत नाही. सीएच्या अभ्यासात करावी लागणारी आर्टिकलशिप २०२३ च्या नव्या नियमानुसार दोन वर्षांची आहे. ती जिल्ह्याच्या ठिकाणी सीएच्या ऑफिसातही करता येते. अर्थात सीएची परीक्षा अवघड आहे, बरेच जण मधेच सोडतात, हेही धरून चाला. मोठ्या कंपन्यांची मोठी फी मुंबई-पुण्यातच राहणार.

पगाराचं गणित

मोठ्या आयटी कंपन्यांत साध्या फ्रेशरला वर्षाला साधारण साडेतीन लाखांच्या आसपास पगार असतो. कापून हातात महिन्याला पंचवीस हजार आले, तर पुण्यात खोली, मेस आणि जाणं-येणं यात बारा-पंधरा हजार सहज जातात. उरलेल्यात कर्जाचा हप्ता बसतो का, ते आधी कागदावर मांडा.

कॉलेजच्या पोस्टरवरचं ‘सर्वोच्च पॅकेज’ पाहून भुलू नका. समजा दहा पोरांपैकी नऊ जणांना साडेतीन लाख आणि एकाला चाळीस लाख मिळाले. सरासरी निघते सात लाखांच्या वर. पण दहातल्या नऊ जणांच्या हातात साडेतीनच!

पैसे भरण्याआधी हे तपासा

- कॉलेजला ‘मीडियन’ पगार विचारा, म्हणजे रांगेत मधोमध असलेल्या पोराचा. एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं हा आकडा आणि नोकरी लागलेल्यांची संख्या देतात. तो कॉलेजच्या वेबसाइटवर सापडतो.
- गेल्या दोन वर्षांत पास झालेल्या, आपल्याच भागातल्या दोन-तीन पोरांशी फोनवर बोला.
- मुलगी असेल तर २०२४-२५ पासूनची फी माफी बघा. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅप राउंडमधून असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही.
- ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ म्हणणाऱ्या क्लासची अट लेखी घ्या. नोकरी नाही लागली तर पैसे परत किती आणि कधी, हे त्यात असलंच पाहिजे.
- नोकरीसाठी कुणी डिपॉझिट मागितलं तर देऊ नका. कंपनी खरंच नोंदलेली आहे का, हे कंपनी कामकाज मंत्रालयाच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं.

आयटीत जायचं असेल तर पोराला घर सोडावं लागेल, हे धरूनच खर्च ठरवा. गावाजवळ राहायचं असेल तर इथलं गिऱ्हाईक कोण आणि त्याला कोणती सेवा लागते, ते आधी बघा. फी भरायची ती त्यानंतर.